टेकडीच्या उतारावरील प्लॉटबाबत

मी, रामदास हरिभाऊ ओव्हाळ, वय सदुसष्ट, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला भूवैज्ञानिक, राहणार विश्रांतवाडी, पुणे, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी भाग पाडलेले नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

माझी पत्नी कालकथित चंद्रभागा सहा वर्षांपूर्वी गेली. मला दोन अपत्ये आहेत. मुलगा सौरभ हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मुलगी मैत्री शाळेत शिकवते.

१. विश्रांतवाडीचा राहता फ्लॅट सौरभ आणि मैत्री यांना मिळावा. सौरभचा हिस्सा दोन तृतीयांश, मैत्रीचा एक तृतीयांश. याचे कारण कलम सहामध्ये आहे. मैत्रीला हे मान्य आहे. मी विचारण्याआधीच तिने ते सांगितले, त्यामुळे मला अधिक लाज वाटली.

२. बँकेतील ठेवी व पोस्टातील बचत दोघांना समान. माझ्या दवाखान्याचा खर्च त्यातूनच भागवावा. मुलांनी आपल्या खिशातून काही घालू नये.

३. माझा हातोडा, होकायंत्र आणि विहिरीतील पाण्याची पातळी मोजण्याची पोलादी टेप मैत्रीला. टेप पुसून तेलाचा हात फिरवून ठेवावी, नाहीतर गंजते. पुस्तके ज्या कॉलेजला हवी असतील त्याला. माझे छापून आलेले शोधनिबंध कोणाला हवे असतील असे वाटत नाही. ते इंग्रजीत आहेत आणि ज्या टेकड्यांविषयी आहेत तिथे राहणाऱ्या कोणीही ते वाचलेले नाहीत.

४. श्री. रंगनाथ गोसावी, राहणार शनिवार पेठ, हे माझे वरिष्ठ होते. त्यांच्याशी मी बारा वर्षे बोललेलो नाही. त्यांना माझ्या मालमत्तेतून काही द्यायचे नाही, पण त्यांच्याविषयी लिहायचे आहे.

आमच्या टेकडीच्या पायथ्याशी एक वस्ती आहे. वस्तीची एक विहीर आहे. नळाला पाणी येत नाही तेव्हा, म्हणजे बहुधा, तीच चालते. १९९३ साली वरच्या उतारावर मोठी इमारत बांधण्यासाठी अर्ज आला. उतार खणला तर विहीर आटेल का, याचा अभ्यास मला दिला होता. मी दोन पावसाळे मोजमाप केले. उतारावर मुरूम आहे, त्याखाली भेगांचा खडक आहे. पाऊस तिथे मुरतो आणि खाली विहिरीत येतो. याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. अहवाल मात्र मी असा संपवला: ‘उपलब्ध माहितीवरून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. अधिक अभ्यासाची गरज आहे.’

परवानगीच्या फायलीवर शेवटची सही गोसावींची होती. त्यांनी मला बोलावून घेतले.

“ओव्हाळ, बांधू द्यायचं की नाही?”

“सर, आणखी एका पावसाळ्याची आकडेवारी मिळाली तर—”

“अहो, मला पेपर छापायचा नाहीये. सही करायची आहे. हो की नाही?”

मी म्हणालो, तसे सांगणे शास्त्राला धरून होणार नाही. त्यांनी फायलीवर लिहिले, ‘ठोस हरकत नसल्याने परवानगी द्यावी.’ मी घरी येऊन चंद्रभागेला सांगितले की साहेब बिल्डरला विकले गेले आहेत. पुढे बारा वर्षे मी हे सर्वांना सांगत आलो. ते खोटे आहे. त्यांनी मला सरळ प्रश्न विचारला होता आणि उत्तर मला येत होते.

मी उत्तर का दिले नाही, तेही लिहितो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. कार्यालयात माझी एक चूक सापडावी म्हणून थांबलेले लोक होते. चूक झाली असती तर ती माझ्या एकट्याची राहिली नसती; माझ्यामागून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर फेकली गेली असती. म्हणून खोटे ठरू शकेल असे वाक्य मी नोकरीभर लिहिले नाही. हे कारण खरे आहे. पण विहिरीवर हंडे घेऊन येणाऱ्या बायकाही माझ्याच होत्या.

खणायला सुरुवात झाली आणि पुढच्याच वर्षी बिल्डरचे पैसे संपले. काम थांबले, खड्डा बुजला, विहीर राहिली. वस्तीत मात्र असे ठरले की ओव्हाळ साहेबांच्या रिपोर्टने काम बंद पाडले. तेव्हापासून दर चौदा एप्रिलला मला शाल आणि हार घालतात. वस्तीच्या महिला मंडळाच्या सचिव सत्यशीला रणपिसे, ससूनमध्ये परिचारिका आहेत, त्यांना मी एकदा म्हणालो, “माझ्यामुळे नाही हो, बिल्डर बुडाला म्हणून.” त्या माइकवरूनच म्हणाल्या, “बघा, मोठी माणसं अशी असतात.” टाळ्या झाल्या. मी खाली बसलो.

गोसावींना या कलमाची प्रत द्यावी.

५. त्याच उतारावर, सगळ्यात वरच्या अंगाला, माझा एक प्लॉट आहे. कर्मचाऱ्यांच्या गृहरचना संस्थेकडून तो १९८८ साली घेतला, चंद्रभागेचे दागिने मोडून. सौरभने तिथे घर बांधावे असे तिच्या मनात होते. आता नव्या बिल्डरने आजूबाजूचे प्लॉट घेतले आहेत. माझा मिळाला की त्याचा आराखडा पूर्ण होतो. तो सौरभला भेटला आहे. सौरभ मला म्हणाला, “बाबा, एका प्लॉटने पुण्याचं पाणी वाचणार आहे का?”

“पुण्याचं नाही. खालच्या विहिरीचं.”

“शुअर आहात?”

“बराचसा.”

“बराचसा म्हणजे काय? आमच्याकडे असं बोललं तर क्लायंट उठून जातो.”

सदर प्लॉट माझ्या पश्चात वस्तीच्या नोंदणीकृत महिला मंडळास द्यावा. तो विकू नये अशी अट घालायची होती. ती कोर्टात टिकणार नाही असे वकिलांनी सांगितले, म्हणून अट घालत नाही. विश्वास ठेवतो.

(हे कलम रद्द. सही: रा. ह. ओव्हाळ.)

६. कलम पाच मी रद्द केले आहे, पण खोडून टाकलेले नाही. वकील रंगराव म्हणाले, “साहेब, नवीन कागद टाइप करू. असं विचित्र दिसतं.” ते विचित्रच आहे, म्हणून राहू दे.

मसुदा मी मैत्रीला वाचायला दिला. पाचव्या कलमापाशी ती थांबली.

“म्हणजे हे तुम्ही गेल्यावर?”

“मृत्युपत्र आहे ते.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत प्लॉट आहे तसा राहील.”

“नाही राहणार. दादा पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचा कागद घेऊन येणार आहे. तुम्ही त्याला नाही म्हणणार नाही. विचार करू म्हणाल. चार वेळा विचार करू म्हणाल आणि पाचव्यांदा सही कराल. बाबा, तुम्ही हे दादाला तोंडावर सांगायला घाबरता, म्हणून मरेपर्यंत थांबताय.”

संशोधन, निर्णय, निसर्ग यांवर मी कितीतरी व्याख्याने दिली आहेत. आपल्या नावावरच्या जमिनीविषयी एक निर्णय घ्यायचा होता, तर मी तोही अशा जागी ठेवत होतो जिथे मला त्याचे उत्तर द्यावे लागणार नाही.

मी सौरभच्या घरी गेलो. प्लॉट मंडळाला देतोय असे सांगितले.

तो म्हणाला, “विहीर खरंच आटेल?”

“हो.”

“मग हे तेव्हाच का नाही बोललात?” मग म्हणाला, “दागिने आईचे होते. ती असती तर तिला विचारलं असतंत?”

मी खरे ते सांगितले, की प्लॉट घेतानाही विचारले नव्हते. सुनेने आणलेला चहा आम्ही दोघांनीही घेतला नाही. त्यानंतर तो आलेला नाही. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. फ्लॅटमधील त्याचा वाढीव हिस्सा यासाठी आहे, पण त्याने भरपाई होते असा माझा दावा नाही.

नंतर सत्यशीलाबाईंकडे गेलो. जुन्या अहवालाचे शेवटचे पान त्यांच्यापुढे ठेवले आणि त्याचा अर्थ मराठीत सांगितला. त्यांनी पान उलटून मागेही पाहिले.

“एवढंच?”

“एवढंच.”

“म्हणजे इतकी वर्षं आम्ही चुकीच्या माणसाला हार घालत होतो.”

“हो.”

“शाली परत करणार का?”

“धुऊन देतो.”

“राहू द्या. थंडीत लागतील.” मग त्यांनी विचारले, “आणि हा प्लॉट कशाला देताय? शालींच्या बदल्यात?”

मी म्हणालो, तिथे बांधकाम झाले तर तुमची विहीर आटेल. एवढे एकच वाक्य. पुढे काही जोडले नाही. जोडण्याची फार इच्छा झाली.

सदर प्लॉट दिनांक ४ जून २००७ रोजी नोंदणीकृत बक्षीसपत्राने मंडळास दिला आहे. मंडळातर्फे सत्यशीलाबाईंनी तो स्वीकारला आहे. आता तो माझ्या मालमत्तेत नाही आणि या मृत्युपत्राशी त्याचा संबंध नाही. आजूबाजूचे प्लॉट बिल्डरकडे आहेत. एवढ्याने विहीर वाचेलच असे नाही. पण याविषयी हरकतीचा अर्ज मी दिला आहे, आणि त्यात शेवटचे वाक्य ‘परवानगी देऊ नये’ असे आहे.

७. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला पाणी वाचवणारा वगैरे कोणी म्हणू नये. म्हटल्यास मैत्रीने उठून कलम चार वाचून दाखवावे.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मैत्रीने करावी.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोघांसमोर सही केली आहे.

रामदास हरिभाऊ ओव्हाळ
विश्रांतवाडी, पुणे
१९ जून २००७

साक्षीदार:

१. डॉ. संजय वाघचौरे, येरवडा. सही करणाऱ्यांना मी तपासले आहे. ते शुद्धीवर आहेत.

२. सत्यशीला दत्तू रणपिसे, परिचारिका. सही माझ्यासमोर झाली. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असे वकील म्हणाले. मी सगळा वाचला, आणि मग सही केली.