साक्षीला उभी राहिलेली बाई

११ एप्रिल १९२७, सकाळ
मासिकासाठी गोष्ट लिहायची ठरलं. विषय: कायदा आणि गरीब माणूस. आमचे हे बावीस वर्षं कचेरीत कारकून होते, त्यामुळे कायदा मला घरचाच. रोज दोन पानं.

१२ एप्रिल
एक ओळ झाली नाही. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बायजाला मीठखात्याच्या शिपायानं पकडलं. खाडीकाठच्या खळग्यात आपोआप धरलेलं मीठ टोपलीत भरून आणत होती. लोणच्यासाठी मीच धाडलं होतं. ते मीठही सरकारचं, हे मला ठाऊक होतं. पण एवढ्याशा मिठाला कोण हटकतो!

१४ एप्रिल
बायजा जामिनावर आली. पायरीवर बसून म्हणाली, "बाय, तुमी कोर्टात येवा. मीठ तुमी आनवलं, येवढंच बोला. मना कोन इचारतंय?" येईन म्हटलं. नक्की जाणार. तोवर तिच्यावरच गोष्ट सुरू केली. केवढी कणव येते मला तिची!

१७ एप्रिल, दुपार
चार पानं. गोष्टीतली आरोपी जरा नाजूक केली. शुद्ध बोलते, दीड पान. न्यायाधीशांचे डोळे पाणावतात. आमचे हे वाचून म्हणाले, "मामलेदार जेवणाआधी नऊ प्रकरणं उरकतात. पाणावणार कधी?" ह्यांना साहित्य कळत नाही.

१९ एप्रिल
परवा सकाळी अकराला तारीख. ह्यांचं म्हणणं, आपल्या घरातली बाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहत नाही. मी ऐकणार नाही. मात्र तो प्रसंग आधी कागदावर जमवते, म्हणजे तिथं अडखळायला नको.

२१ एप्रिल
जमला! मालकीण उठते, पदर सावरते, म्हणते, "गुन्हा माझा आहे." लिहिताना मलाच रडू आलं. डोळे पुसून घड्याळ पाहिलं. सव्वाचार.

२२ एप्रिल
बायजाला पंधरा दिवसांची कैद. हे चौकशी करून आले. मामलेदारसाहेबांनी विचारलं, मीठ तूच भरलंस? ती म्हणाली, "व्हय." माझं नाव नाही, काही नाही. बोलायची एवढी संधी, वाया घालवली.

३० जून
गोष्ट छापून आली. संपादक लिहितात, न्यायाचं हृद्य चित्र. बायजा पुन्हा कामावर येते. दुपारी तिला वाचून दाखवली. मालकीण साक्षीला उभी राहते, तिथं तिचा भांड्यावरचा हात थांबला. कशी वाटली, विचारलं.
"बरी बाय हाय ती," म्हणाली. "कंच्या गावची?"
लांबची, म्हटलं.