शांत उजेड

४ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि कानाला यंत्र लावायला तू तयार नाहीस, त्यामुळे या जगात हाताने पत्रं लिहिणारी आपण दोघंच उरलो असू. माझी तक्रार नाही.

आधी बातमी. माझा उजेड शांत झाला.

तू दर वेळी विचारतेस, लेझर आधीच इतका सरळ, तू त्यात आणखी काय सरळ करतोस? तर ऐक. उजेड दाण्यादाण्यांनी येतो. चांगल्यातल्या चांगल्या लेझरमधूनही हे दाणे एकसारखे येत नाहीत, कधी चार एकदम, कधी एकही नाही. त्याची बारीक खरखर आमच्या मोजमापात शिरते आणि एका मर्यादेखाली सहसा जात नाही. आता तुझी शाळा आठव. घंटा झाली की पोरं फाटकातून कशीही सुटायची, पण तू फाटकात उभी राहिलीस की एकेक करून, गुमान. लेझरला वीज पुरवतात त्याला आम्ही पंप करणं म्हणतो. विहिरीवरचा पंप नव्हे, भावोजींना सांग. ती वीज धक्काबुक्की करत आत शिरली की उजेडही तसाच बाहेर पडतो. म्हणून मी तिच्या वाटेत एक भलामोठा रेझिस्टर बसवला, तुझ्यासारखा फाटकात उभा. वीज रांगेत आत, उजेड रांगेत बाहेर. काल खरखर मर्यादेच्या निम्म्याहून खाली गेली. मला आभाळ ठेंगणं झालं.

तू पुढच्या महिन्यात यायचं म्हणतेस. ताई, आत्ता नको. शोधनिबंध लिहायचाय, मी दिवसभर प्रयोगशाळेत, तू घरात बसून कंटाळशील. पाहुण्यांच्या खोलीची खिडकीही नीट लागत नाही.

तुझी भावजय बरी आहे. घाईत होती, म्हणून याही वेळी खाली तिच्या दोन ओळी नाहीत. तू विणलेला स्वेटर तिला अगदी बरोबर बसतो. तू उगाच काळजी करतेस. आमची भांडणं कधीच थांबली आहेत, घर अगदी शांत आहे.

आम्हा दोघांचा नमस्कार.

तुझा,
धाकटा

२३ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. त्यात एवढंच: "तिच्या ओळी गेल्या तीन पत्रांत नाहीत. काय झालंय?" पोरांची खोटी कारणं ऐकण्यात जिचा जन्म गेला, तिच्यासमोर मी ताकाला जाऊन भांडं लपवत होतो.

आधी उजेडाचं सांगतो. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

आमच्या बाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, माझा आलेख पाहिला. "छान आहे," म्हणाल्या. "जरा जास्तच छान आहे. उजेड टिपणाऱ्या चकतीवर ठिपका केवढा पडतोय?"

"सुईच्या टोकाएवढा," मी म्हटलं. "एकही दाणा वाया जायला नको म्हणून."

"भिंग मागे घे बरं जरा."

भिंग मागे घेतलं, ठिपका चकतीभर पसरला आणि खरखर परत आली. मी सगळा उजेड एका बिंदूवर ओतत होतो. तेवढी जागा इतकी भरून गेली होती की वरचे चढउतार तिला कळतच नव्हते. मर्यादा ठरवायला तुलनेसाठी जो साधा दिवा घेतला होता, त्याचा उजेड आधीपासूनच चकतीभर पसरलेला, त्याची खरखर बरोबर दिसायची, म्हणून चूक माझ्या लक्षात आली नाही. उजेड होता तसाच होता, चकती बहिरी झाली होती.

बाई रागावल्या नाहीत. "निबंध पाठवण्याआधी कळलं, हे नशीब," म्हणाल्या आणि चहा प्यायला गेल्या. मी तिथेच बसून राहिलो.

ताई, ती इथे नाही. मे महिन्यातच गेली. तुझा स्वेटर कागदातच आहे, मी तो उघडलाही नाही. ती भांडून गेली नाही. पूर्वी आम्ही भांडायचो, आवाज चढायचे, तुला ठाऊक आहे. मग ते हळूहळू बंद झालं आणि मी खूश होतो. हातात बॅग घेऊन दारात उभी असताना ती म्हणाली, "मी वर्षभर सांगत होते. तुझ्यापर्यंत पोचतच नव्हतं." मी विचारलं, काय सांगत होतीस? त्यावर ती हसली. चिडली असती तर बरं झालं असतं.

तुला वाटेल, हा आता कामाचं घरावर लावतोय. लावतोय. मला दुसरं काही येतही नाही.

फार एकटं वाटतं. संध्याकाळी कुलूप उघडतो, दिवा लावतो आणि कोट न काढताच खुर्चीत बसतो. शेजारच्या नवराबायकोची भांडणं भिंतीतून ऐकू येतात. भांडण थांबलं की मला करमत नाही.

एक राहिलं. भिंग मागे घेतल्यावर सगळीच खरखर परत आली नाही. मर्यादेहून किंचित खाली राहिली, दहातला एखादा भाग. आम्ही पुन्हा पुन्हा मोजून पाहिली. बाई म्हणाल्या, "खरी शांतता एवढीच. आता इथून पुढे जा." तर तेवढ्यावर काम चालू ठेवलंय.

तू ये. पाहुण्यांच्या खोलीची खिडकी व्यवस्थित लागते, ते मी खोटं लिहिलं होतं. आल्यावर माझ्यावर रागाव, चांगली मोठ्याने रागाव. मी ऐकेन.

पूर्वी पत्र संपवताना तिच्यासाठी खाली चार बोटं जागा सोडायचो. ती गेल्यावरही सोडत राहिलो आणि कागद तसाच पाकिटात घालत राहिलो. तुला ती कोरी जागाच दिसली असणार. आज कागद शेवटपर्यंत लिहिलाय.

माझा एकट्याचा नमस्कार.

तुझा,
धाकटा