ओहोटीची बाग

५ मार्च, सकाळ
मला पाण्यातलं काही कळत नाही, असं जावई म्हणाला. तेही आमच्या बोटीवर पैसे देऊन आलेल्या पाहुण्यांसमोर. नमस्कार-चमत्कार मागाहून.
मुलीचा पाय मुरगळलाय. ती पलंगावरून वारा बघते, भरती बघते आणि सांगते, आज पाहुण्यांनी मासे बघायला कुठल्या किनाऱ्याला उतरायचं. मी खाली जाऊन तेवढं सांगायचं. म्हणजे मी निरोप्या. पाणी तोंडात न घेता पाण्यावर मत द्यायला अक्कल लागते, ती माझ्याकडे आहे.

संध्याकाळ
ठरलं. उद्यापासून स्पॉट मी निवडणार. मुलीला आराम हवा. गच्चीवरून सगळं दिसतं.

६ मार्च
धक्क्यामागचं पाणी हलत नव्हतं. शांत म्हणजे चांगलं. तिकडे पाठवले. परत येऊन म्हणाले, आजी, एक टायर दिसला आणि एक चप्पल. मी म्हटलं, काहींना तेवढंही दिसत नाही. मासे सुट्टीवर असतील, त्याला मी काय करू.

७ मार्च
नवा विचार. पूर्वेला पोवळ्याची बाग आहे. ओहोटीला पाणी उतरलं की ती ताटात वाढल्यासारखी दिसते. बुडायची भीती नाही. मुलगी म्हणते, तिथे फक्त पूर्ण भरतीला. तिचं लहानपणापासून उलटंच.

८ मार्च, दुपार
दातांची डॉक्टरीण आणि तिची मंडळी ओहोटीला पूर्वेला पाठवली. पाणी गुडघ्याएवढं. तरंगता येईना, पोटं खरचटली, मग सगळे उभे राहिले आणि बागेतून चालत आले. डॉक्टरीण हातात पोवळ्याची एक फांदी घेऊन आली. म्हणाली, आजी, कडकन मोडली, अगदी दाढेसारखी.
तिला हसू आलं. मला नाही. ती फांदी बोटाएवढी होती तेव्हापासून मुलगी तिला बघतेय. पाहुणे ती बाग बघायलाच येतात. त्यावर घर चालतं.
मुलीने विचारलं, कुणी पाठवलं. मी म्हटलं, जावई काहीतरी सांगत होता बहुतेक. बहुतेक म्हटलंय. ते खोटं होत नाही.

९ मार्च
आळ आला तरी जावयाने नाही म्हटलं नाही. उलट माझा चहा त्यानेच केला, साखर मला लागते तेवढी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा संपला की सांगणार होते. संपला तेव्हा मुलगी झोपली होती. आजारी माणसाला उठवू नये.

१० मार्च
पोवळ्यांची राखण करणारा सरकारी वॉर्डन उद्या बोटीने येतोय. बाग बंद करायची का, ते ठरवणार. बंद झाली तर आमची बोट धक्क्यालाच. मुलगी नवऱ्याला काही बोलत नाही. फार रागावली असणार. आज सांगते. जेवणाआधी नको, जेवण बाधतं. जेवणानंतर नको, झोप बाधते.

११ मार्च, सकाळ
मुलगी लंगडत आली आणि माझ्या खाटेवर बसली. म्हणाली, आई, त्या दिवशी तुझा जावई पलीकडच्या बेटावर डिझेल आणायला गेला होता. तू बोलतेस का, एवढंच आम्ही बघत होतो.
मी म्हटलं, आता बोलणारच होते. ती म्हणाली, उंटावरून शेळ्या हाकल्यास, आता खाली उतर आणि वॉर्डनला सांग.
सांगते म्हटलं. तोंड धुतलं, चांगले कपडे घातले. काय बोलायचं तेही ठरवलं. मी पाठवले, ओहोटीला पाठवले, मुलीने बजावलं होतं तरी पाठवले. तीन वाक्यं. तिसरी इयत्ता शिकलेल्या बाईला जड नाहीत.

थोड्या वेळाने
बोट लागली. वॉर्डन फारच उंच आहे. माझा गुडघा धरलाय. मी वरच्या खोलीत आहे, दार लावलंय. काय विचारायचं ते त्याने खाली विचारावं. उत्तर जावयाने द्यायचं.