डब्यांच्या बुडाला भोकं

ती. आई,

तुला वाकून नमस्कार. मी बरी आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते, खोकलाही गेला. आता डोकं का तापलंय ते ऐक.

या वस्तीत घरोघरचा कचरा गोळा करायची योजना मीच आखली. ओल्याला हिरवा डबा, सुक्याला निळा, दोन्हींना घट्ट झाकण. डबे वाटून झाले, तरी कचरा आपला गटारातच! का, तर इथे नळाला दिवसाआड पाणी येतं. बायकांनी त्या नव्याकोऱ्या डब्यांत पिण्याचं पाणी भरून ठेवलं. तू तरी तेलाचा रिकामा डबा कधी टाकलास का गं?

मी साहेबांना म्हटलं, "आधी पाण्याची टाकी द्या, डबे आपोआप रिकामे होतील."

साहेब म्हणाले, "या लोकांना अक्कलच नाही. डब्यांच्या बुडाला भोकं पाडा, म्हणजे पाणी भरणार नाहीत."

अक्कल कोणाला नाही, तूच सांग! उद्या ओल्या कचऱ्याचं घाण पाणी त्याच भोकांतून त्यांच्या दारात गळणार. अन् भोकं कोणी पाडायची? मी! ऑफिसातलं एकुलतं एक ड्रिल मशीन माझ्या हातात दिलं.

नोकरीची काळजी करू नकोस. बाबांचे गुडघे कसे आहेत? त्यांना यातलं काही सांगू नकोस.

साहेब रोज विचारतात, ड्रिल कुठाय? मी म्हणते, हरवलं. तू दिलेल्या गोधडीत गुंडाळून ते खाटेखाली ठेवलंय. इथे थंडी फार आहे. अजून एक गोधडी पाठवशील का?

तुझीच,
तापट लेक