नारिंगी मुठीचा चाकू

ईडन प्रेरी, नोव्हेंबर

ती. शशिकांतदादांना,

मनोहरचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, म्हणून जमेल तेवढाच वाकून.) नागपुरात थंडी पडली असेल, तुमचे गुडघे कुरकुरत असतील. अहिल्यावहिनींची साखर आटोक्यात आहे ना? मी ठणठणीत. फोन सोडून कागदावर का लिहितोय म्हणाल, तर फॅमिली ग्रुपवर शिंकलं तरी लेकीच्या गावी, अर्विंगला ऐकू जातं, आणि तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या सौभाग्यवती नीलांबरी, सध्या तिथेच आहेत. लेकीच्या, स्वानंदीच्या बाळंतपणाला म्हणून मार्चमध्ये गेली. बारसं होऊ दे, मग येते, म्हणाली. मग उष्टावण होऊ दे, म्हणाली. आता नातवाला दात येतायत. माणसाला एकूण दात किती येतात आणि कधीपर्यंत येतात, हे मी गूगल करून पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

तर मुद्द्याची गोष्ट. शेजारचा डेल (आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ न सांगता काढतो तो) सप्टेंबरमध्ये म्हणाला की हरणांच्या सीझनला आम्ही मित्र जंगलात केबिनवर जातो, घरी एकटा बसतोस त्यापेक्षा चल. बंदूक नको, लायसन्स नको, फक्त एक फिक्स्ड ब्लेड चाकू आण, म्हणजे घडी न होणारा, आणि उगाच महागातला घेऊ नकोस. दादा, तुम्हाला माहीतच आहे, आमच्या घराण्यात आजवर मारलेलं सर्वांत मोठं जनावर म्हणजे झुरळ. मी स्वतः अंडं फोडतानाही तोंड फिरवतो. पण या वर्षात मला 'चल' म्हणणारा तो पहिलाच माणूस. मी लगेच हो म्हणालो. नंतर घरात येऊन घाम पुसला.

शनिवारी हायवेजवळच्या शिकारीच्या दुकानात गेलो. तिथे रिक नावाचे एक रिटायर्ड गृहस्थ चाकूंच्या काउंटरवर असतात. त्यांनी सगळं समजावलं: पातं चार इंचांच्या आसपास पुरे, फार लांब घेतलं तर आपलीच बोटं जातात, पोलाद मुठीच्या आतून शेवटापर्यंत गेलेलं असावं, कार्बनचं पोलाद धार छान धरतं पण ओलं राहिलं की गंजतं. (मी म्हटलं, आमच्या आईच्या विळीसारखं. मग त्यांना विळी समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. पायाखाली धरून नारळ खवतात यावर त्यांचा अजून विश्वास नाही.) हाडाची मूठ, हरणाच्या शिंगाची मूठ, सगळं पाहिलं आणि किमती पाहून खाली ठेवलं. स्वस्तातला एक होता, स्टेनलेस, नारिंगी प्लॅस्टिकच्या मुठीचा, पाचोळ्यात पडला तरी दिसेल असा. तो मी पहिल्याच शनिवारी नक्की केला होता. पण घेतला नाही. दादा, घेतला असता तर पुढच्या शनिवारी जायचं कशाला? म्हणून जरा विचार करतो म्हटलं, आणि महिनाभर दर शनिवारी विचार करायला जात राहिलो. रिक आठवडा कसा गेला विचारायचे. शेवटी त्यांनीच तो चाकू पिशवीत घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मॅनी, चाकू घे. गप्पा मारायला नुसता ये."

पुढे खंडेनवमी आली. दरवर्षी आपण लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि नीलाचा मिक्सर पुजतो. यंदा म्हटलं, घरात खरंखुरं शस्त्र आलंय, त्याला कसं वगळायचं? हळद-कुंकू ओलं करून पात्याला चांगलं फासलं, झेंडू वाहिला, साखर ठेवली. प्रसादही मीच खाल्ला. तसं पूजेचं शस्त्र लगेच पुसायचं नाही, म्हणून ते म्यानात घातलं आणि साफ विसरलो. केबिनवर पहिल्या सकाळी डेलने चाकू दाखव म्हटलं. मी ऐटीत उपसला. पातं लालभडक, वाळलेलं, म्यानाच्या तोंडाशीही लाल. टेबलाभोवतीच्या चार दणकट पुरुषांनी खुर्च्या मागे सरकवल्या. डेल हळूच म्हणाला, "मॅनी, तू एकटाच जाऊन आलास की काय?" त्याचा भाऊ तर माझी बोटं मोजायला लागला. पूजेचा प्रकार सांगितल्यावर मात्र चौघांनी आपापले चाकू टेबलावर मांडले आणि आमचेही पूज म्हणाले. कुंकू नव्हतं. तिखटावर भागवलं. त्यानंतर तीन दिवसांत एक हरीण फिरकलं नाही. डेलचं मत, पूजा हरणांना पावली.

दादा, मजा आली. खोटं नाही सांगत. पण परतलो तेव्हा डेलची बायको दारातच उभी होती, बूट बाहेर काढ, कपडे गॅरेजमध्ये टाक, अंगाला वास मारतोय, असं त्याच्यावर ओरडत होती. मी चिखलाचे बूट घालून सरळ आपल्या स्वयंपाकघरापर्यंत गेलो. कोणी काही म्हटलं नाही. तिथेच खुर्चीवर बसलो आणि मला रडू आलं. बाकी सगळं क्षेम.

वहिनींना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा, उसण सांभाळून.

तुमचा,
मनोहर

ता. क. चाकू उत्तम आहे. दुधी झकास कापला जातो.

ता. क. २ : पत्राचा फोटो ग्रुपवर टाकू नका. शिकारीचं नीलाला सांगितलंत तरी चालेल, रडण्याचं नको. फक्त बोलता बोलता विचारा, ईडन प्रेरीला कधी जातेस म्हणून. मी विचारलं की 'बघू' म्हणते. थोरल्या भावाला तसं म्हणता येणार नाही. मी विचारायला सांगितलं हे कळू देऊ नका.

ता. क. ३ : ती तुम्हाला विचारेल, मनोहर वेळेवर जेवतो ना? विचारलं तर 'नाही' म्हणा. आणि नाहीच विचारलं, तर मला कळवू नका.