सुपारी फुटायच्या आधी

सर,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण आज तुमच्याशिवाय कुणाला विचारावं ते सुचत नाही. सोमवारी जळगाव जामोदला माझी सुपारी फुटायची आहे. एकदा ती फुटली की सोयरीक पक्की, मग मागं फिरणं नाही. 

मोताळ्यातली तुमची खोली आठवते. माझी शाळा केव्हाच सुटली होती, कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत होतो, आणि बाजाराच्या दिवशी तुम्ही मला जेवायला बोलवायचे. तुमची भाकरी एका अंगानं कायम करपलेली, वर तुम्ही म्हणायचे की ज्वारीच खराब आहे. असो, भरकटलो. त्या दिवशी धीर करून विचारलं, की मले बाईही आवडते अन् गडीही, हे काय दुखणं आहे? तुम्ही तव्याकडं बघतच बोललात. परदेशात एक प्रोफेसर होता, आधी किडे गोळा करायचा, मग हजारो माणसांना त्यांच्या अंथरुणातल्या गोष्टी विचारत फिरला. "एका टोकाले नुसती बाई आवडणारे, दुसऱ्या टोकाले नुसता गडी, पण मधातही लोक हायेत, अन् कमी नाहीत. दुखणं नाही हे." मला इतकं हलकं वाटलं की मी हसून म्हटलं, "मंग दोघंही ठेवता येतीन." तुम्ही चिमटा आपटला. "त्यानं फक्त मोजलं बे, परवानग्या नाही वाटल्या. ज्याच्या संग राहशीन, त्याले आधी सांग."

तर सांगितलं. रोहिणखेडला मशिदीमागं शिंपी आहे, त्याच्याकडं मी महिनोन्‌महिने राहिलोय. आता येणार नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "कर बे लगन. सदरा मीच शिवीन," आणि मान खाली घालून मशीन चालवत राहिला. माप मात्र घेतलं नाही. त्याला ते पाठ आहे.

मग जळगाव जामोदला गेलो. जिच्याशी सोयरीक जमतेय ती मावशीच्या अंगणात गहू निवडत होती. सगळं ऐकून तिनं विचारलं, "मंग माह्यावरचा जीव खोटा हाय का?"

"नाही."

"अन् त्याच्यावरचा?"

"तोही नाही. पण आता तिकडं जाणं नाही, त्याले सांगून आलो."

तिनं गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "हे मधातल्या लोकायचं तुमाले कोनं सांगतलं?"

"माह्या सरांनी."

"तुमचं काय, आज इथं, उद्या तिथं. त्यायची भेट घालून द्या. त्यायच्या तोंडून ऐकू द्या, मंग फुटू द्या सुपारी."

मी हो म्हणून मान हलवली. रविवारी ती मावशीला घेऊन मोताळ्याच्या बसनं येतेय. तुमच्या खोलीत आता दुसरंच बिऱ्हाड आहे. एवढं सगळं खरं बोललो, सर, पण तुम्ही आता या जगात नाही, हे काही तिला सांगवलं नाही.