न मोजता केलेली सही

काळेवाडी,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय तेजल,

सप्रेम जय भीम. तू बरी असशील. काकूंचा गुडघा कसा आहे? मी सध्या आईकडे आहे. आकुर्डीचा रस्ता पुन्हा खोदलाय, चाकणला कंपनीत पोचायला दीड तास लागतो.

कंपनीच्या गेटवर अजून तुला शोधते. फडक्यात भाकरी बांधून उभी असायचीस. तपासणीच्या टेबलावर मी प्रत्येक पार्टला दोनदा मापाचं गेज लावायचे आणि तू म्हणायचीस, "अगं, नवऱ्याला बी गेज लावून बघशील व्हय?"

त्याला नाही लावलं. प्रज्वल तेव्हा डिस्पॅचमधून मुद्दाम आपल्या टेबलावरून जायचा. मला कोणती भाजी आवडते, कशाची भीती वाटते, सगळं लक्षात ठेवायचा. ते दिवस आठवले की अजून गोड वाटतं. त्याचीच लाज वाटते.

मार्चमध्ये माझे अण्णा गेले. पुण्यानुमोदनाला प्रज्वल इतका रडला की काकांनाच त्याला सावरावं लागलं. गाडीत बसल्यावर डोळे पुसत त्यानं विचारलं, "कसं झालं? काका तर बघतच राहिले!" आणि हसला. मला वाटलं, माझ्याच मनात पाप आहे.

आता लिहितेच. तू पार्ट न मोजताच तपासणीच्या तक्त्यावर सही करतेस, हे साहेबांना मी सांगितलं होतं. मी पाहिलं नव्हतं. प्रज्वल म्हणाला होता. गप्प बसणं म्हणजे खोटेपणा, असं घरात शिकलेले. तुझं काम गेलं. तुझे फोन मी उचलले नाहीत.

गेल्या महिन्यात जेवताना मी तो विषय काढला. "ते होय?" तो भाजी वाढून घेत म्हणाला. "तुम्ही दोघी फारच चिकटलेल्या होता. म्हटलं, बघू काय होतंय. तू खरंच जाऊन सांगितलंस! कमाल आहे तुझी."

मी रडायला लागले. त्यानं मीठ मागितलं.

रविवारी तो मला न्यायला येणार आहे. आई म्हणते, "तुझ्या अण्णांसाठी एवढा रडला पोरगा, तो वाईट कसा असेल?" तिला अजून पटलेलं नाही. पण मी जाणार नाही.

आज साहेबांना लेखी दिलं, की तेजलविरुद्धची माझी तक्रार ऐकीव होती, खोटी होती. माझी नोकरी राहील की नाही, माहीत नाही. प्रत सोबत जोडली आहे, ती तुझ्याकडे असू दे. माफी मागत नाही. माफ करायचं ओझंही तुझ्यावरच पडेल.

तेव्हा तुला एका शब्दानंही न विचारणारी,
आम्रपाली